गेलेली धरून

"मुलं किती?" हा प्रश्न जगात सगळेच विचारतात. नर्सबाई त्याला दोन शब्द जोडायच्या. "गेलेली धरून?"

पहिल्यांदा ऐकणारी बाई दचकायची. आपल्याकडं गेलेलं मूल कुणी मोजत नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचं अंगडं-टोपडं घरात ठेवायचं नाही, आणि त्याच्या आईनं महिन्याभरात डोळे पुसून भाकऱ्या थापायला बसायचं, ही आपली रीत. आणि ही पांढऱ्या साडीतली ठेंगणी बाई दवाखान्याच्या बाकावर बसवून, हातात पेन धरून, भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात विचारते, गेलेली धरून किती? एखादी चिडायची. एखादी सासूच्या तोंडाकडं बघायची. पण बहुतेक जणी थोडा वेळ पदराशी चाळा करत बसायच्या आणि मग खरा आकडा सांगायच्या. केसपेपरवर त्यासाठी रकाना नव्हता. नर्सबाई तो समासात लिहायच्या.

नाशिक रोडला रेल्वे लाइनीच्या पलीकडं आमची कॉलनी होती. आमचे हे प्रेसमध्ये कामाला. आजूबाजूची निम्मी घरं प्रेसची, उरलेली रेल्वेची नाहीतर मास्तर लोकांची. नर्सबाई मागच्या ओळीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मूळच्या चांदवडकडच्या एका खेड्यातल्या. घर बौद्ध. बाहेरच्या खोलीत बुद्धाचं एक चित्र, त्याच्यापुढं जळून उरलेलं मेणबत्तीचं बुडखं, बाकी भिंती मोकळ्या. लाइनीच्या अलीकडं, बाजारात, बाळंतपणाच्या पाच-सहा खाटा असलेला एक सरकारी दवाखाना होता, तिथं त्यांची नोकरी. त्यांचं खरं नाव कॉलनीत कुणी घेत नसे. रेशनच्या दुकानातसुद्धा त्या नर्सबाईच होत्या.

त्यांचे हात आधी दिसायचे, मग त्या. कोपरापर्यंत धुऊन धुऊन कातडं पांढुरकं पडलेलं, नखं मुळापासून कापलेली. कुणाकडं बाळ बघायला गेल्या की चपला दाराबाहेर, पिशवीतून स्वतःचा तांबडा साबण काढायचा आणि थेट मोरीत. हात धुतल्याशिवाय पाळण्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत. आमच्या शेजारच्या म्हातारीला वाटलं, ही यांच्यातली रीत असेल. तिनं एकदा विचारलंच, "तुमच्यात असंच करतात का हो?" नर्सबाई म्हणाल्या, "हो आजी, आमच्यात असंच करतात." बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "आता म्हातारी सुनेलाही हात धुवायला लावील बघा. नियम म्हटला की लोक विसरतात, रीत म्हटली की करतात." आणि खरंच, त्या घरात पाहुण्यांना आधी मोरी दाखवायला लागले.

रीतींचं त्यांना भारी कुतूहल. बाळंतिणीच्या उशाखाली सुरी का ठेवता, बाळाच्या गालाला काजळाचं बोट का लावता, नाव आत्यानंच का ठेवायचं, त्या प्रत्येक घरात विचारायच्या. विचारण्यात खोच नसायची. "आमच्यात पहिल्यापासून आहे" हेच उत्तर मिळायचं, त्या मान हलवायच्या आणि पुढच्या घरी पुन्हा तेच विचारायच्या. स्टेशनच्या बाजूला रेल्वेच्या चाळीत उत्तरेकडची कुटुंबं होती, त्यांच्यात सहाव्या दिवशी छठी. तिथल्याच एका मुसलमान गार्डच्या घरीही छठी. आमच्याकडं पाचवी. "देव वेगळे, भाषा वेगळी, आणि भीती मात्र सगळ्यांना त्याच आठवड्यात," नर्सबाई म्हणायच्या. "त्या आठवड्यात काहीतरी येत असणार ना, वहिनी? उगाच का सगळे दिवा लावून जागत बसतील?" मी हो ला हो केलं होतं. त्यांना काय म्हणायचंय ते मला तेव्हा कळलं नाही.

देव, सटवाई, नजर, यातलं त्या काहीएक मानत नसत आणि ते लपवतही नसत. पण हसत नसत. "भ्यालं की माणूस काहीतरी मांडतं," असं त्यांचं म्हणणं होतं. "तुम्ही सुपारी मांडता, आम्ही मेणबत्ती लावतो, दवाखान्यात डॉक्टर ट्रे मांडायला लावतात. ट्रेचा उपयोग होतो, एवढाच फरक." आमच्या ओळीत एक तरुण कारकून राहायचा. चार बुकं वाचल्यामुळं त्याला कॉलनीतल्या सगळ्या बायका अडाणी वाटायच्या. शेजारणीनं पाळण्याला बिब्बा बांधला म्हणून तो दारात उभा राहून हसला. नर्सबाई कामावरून येत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हसायच्या आधी तिला विचारा, गेलेली धरून किती." तो काही विचारायला गेला नाही. नर्सबाई मला म्हणाल्या, "बिब्बा मी मानत नाही. पण त्या बिब्ब्यामागं दोन पोरं गेलीत, ती मानते."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय या बाईचं काही सांगता येणार नाही.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, सायखेड्याला झालं. मुलगा झाला. पाचव्या दिवशी पाचवी पुजली. पाटावर पाटा-वरवंटा, विळा, हळदकुंकू, आणि एक कोरा कागद व टाक. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते, म्हणून कागद. तिच्यासाठी दिवा रात्रभर तेवत ठेवायचा. आई चार रात्रींची जागी होती, मीच तिला म्हटलं, तू पड जरा, मी बघते दिव्याकडं. आणि मलाच झोप लागली. डोळा उघडला तेव्हा फटफटलं होतं आणि दिवा विझला होता. त्याच संध्याकाळी बाळानं दूध सोडलं. आठव्या दिवशी ते गेलं. नावसुद्धा ठेवायचं राहिलं होतं.

गावातली एक जाणती बाई म्हणाली, "सटवाईनं अंधारात लिहिलं, म्हनून अर्धंच लिहिलं." बिचारी वाईट हेतूनं बोलली नाही, तिला तसंच वाटत होतं. मलाही तसंच वाटलं. ते वाक्य मी तीन वर्षं उराशी बाळगलं. नवऱ्याला सांगितलं नाही, सासरी कुणाला कळू दिलं नाही. एरवी माझं तोंड फटकळ, कुणाचं ऐकून घेणारी मी नव्हे, पण कुणाच्या घरी पाळणा हलताना दिसला की माझी बोलती बंद व्हायची. दिवेलागणीला देवापुढं वात लावली की ती विझली तर नाही ना, म्हणून दहादा उठून बघायची. माझ्या झोपेनं माझं मूल गेलं, हे मला माझं नाव ठाऊक असावं तसं ठाऊक होतं.

पुन्हा दिवस गेले तेव्हा मी माहेरी जाणार नाही म्हणून हटून बसले. ह्यांनी दवाखान्यात नाव घातलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेले तर नर्सबाई समोर.

"मुलं किती?"

"ही पहिलीच खेप," मी म्हटलं.

"गेलेली धरून?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी फाडकन बोलले असते. त्यांना म्हटलं, "एक. माझ्यामुळं गेलं." आणि मग दिव्याचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. नर्सबाईंच्या हातात भरलेली सिरिंज होती, ती त्यांनी परत ट्रेमध्ये ठेवली.

"दूध कितव्या दिवशी सोडलं?"

"सहाव्या."

"तोंड उघडत होतं?"

"नाही. दातखिळी बसल्यासारखं."

"मुठी आवळलेल्या? आणि हात लावला की आखडायचं?"

मी मान हलवली. ते आखडणं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"नाळ कशानं कापली होती?"

"विळ्यानं. घरचाच विळा. धुतलेला होता."

"वर राख लावली?"

"हो."

नर्सबाईंनी माझ्या दंडावर कापूस फिरवला. "वहिनी, तो धनुर्वात होता. विळ्यावरून नाळेत जातो, पाच-सहा दिवस गप्प बसतो आणि मग बाळाचा जबडा धरतो. आम्ही ते रोज बघतो. तुमचा दिवा रात्रभर जळला असता तरी बाळ गेलंच असतं. दिव्याचा काही संबंध नाही." मग सुई टोचली. "हे त्याच्यासाठीच आहे. या बाळाला तो धरणार नाही."

मी तिथंच, त्या लोखंडी स्टुलावर, हुंदके देऊन रडले. बाहेर बायकांची रांग होती. नर्सबाई दार लावून घेऊन उभ्या राहिल्या आणि माझं रडणं आटपेपर्यंत त्यांनी कुणाला आत येऊ दिलं नाही. तीन वर्षांचा दगड छातीवरून उतरला, असं वाटत मी घरी निघाले.

रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडीची वाट बघत उभी होते आणि तिथं माझ्या डोक्यात लख्खकन आलं. दिवा नव्हे, विळा. आणि विळा माझ्या आईच्या हातात होता.

आमच्या वाडीत कुणाचंही बाळंतपण असो, नाळ कापायला माझ्या आईला बोलावणं यायचं. तिचा हात हलका, असं सगळे म्हणायचे. तो विळा तिच्या सासूचा. माझी नाळ आजीनं त्यानंच कापली होती. पुढं आईनं माझ्या मुलाची कापली, आणि वाडीतल्या कितीकांची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नर्सबाईंच्या घरी गेले. दार उघडून त्या म्हणाल्या, "या. मला वाटलं कालच येताय." चहा टाकला. मी बसलेसुद्धा नव्हते आणि बोलून गेले, "माझी नाळ त्याच विळ्यानं कापली होती. मग मी कशी वाचले?"

"प्रत्येक वेळी लागतोच असं नाही. नशीब म्हणा."

"तुम्ही नशीब म्हणता?"

"दुसरा शब्द सापडेपर्यंत म्हणते," त्या म्हणाल्या.

माझ्या मनात दुःख होतंच, पण खरं सांगते, रागच जास्त होता. तीन वर्षं मी आतून जळत होते आणि जिच्या हातून झालं ती सुखानं जेवत होती, झोपत होती. मी म्हटलं, "आईला हे सांगितलंच पाहिजे."

नर्सबाई माझ्यासमोर बसल्या. "मला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही," त्या म्हणाल्या. "गेलेलं धरून एक. मुलगी होती. नवव्या दिवशी गेली. नाळ माझ्या आईनं कापली होती. मग नवऱ्यानं दुसरी केली आणि मी नर्सिंगला गेले. पहिल्याच वर्षी धनुर्वात शिकवला. वर्गात बसल्या जागी मला सगळं कळलं. पहिल्या सुट्टीत घरी गेले आणि चुलीपुढं बसलेल्या आईला सांगून टाकलं. पुस्तकसुद्धा उघडून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही. तिनं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. त्यानंतर तिनं कुणाच्या लेकराला हात लावला नाही. माझ्या भावाला चार मुलं झाली. एकालाही मांडीवर घेतलं नाही. मरेपर्यंत. मी खरं तेच सांगितलं होतं, वहिनी. एक अक्षर खोटं नव्हतं."

माझा चहा निवून गेला. माझी आई नातवंडाला हात न लावता ओट्यावर बसलीय, असं डोळ्यांपुढं आलं आणि राग कुठल्या कुठं गेला. पण एक गोष्ट होतीच. "मग तिनं पुढंही त्याच विळ्यानं कापत राहायचं?" मी विचारलं. "वाडीत पोरं व्हायची थोडीच थांबणार आहेत?"

नर्सबाईंनी कप बाजूला सारला. म्हणाल्या, "पाचवीला त्यांना बोलवा. विळा घेऊन या म्हणावं."

मला मुलगी झाली. नर्सबाईंच्याच हातून झाली. पाचव्या दिवशी आई सायखेड्याहून एसटीनं आली. काखेत लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला विळा. नाळ दवाखान्यात कापली याचं तिला फार लागलं होतं. "म्या काय मेले व्हते का?" एवढं एकदाच म्हणाली आणि मग मुकाट्यानं पाट मांडायला बसली. संध्याकाळी नर्सबाई ड्युटीवरून आल्या, आपला साबण काढून कोपरापर्यंत हात धुतले, बाळाला बघितलं आणि म्हणाल्या, "कोरा कागद कुठाय?"

हे कॉलनीला नवीन नव्हतं. कुणाचीही पाचवी असली की नर्सबाई जायच्या आणि सटवाईच्या कागदावर बारीक अक्षरात लिहायच्या: बाळाचं वजन, देवी कधी टोचायची, ट्रिपलची तीन इंजेक्शनं कुठल्या तारखांना, पोलिओचे डोस कधी. दवाखान्याचं कार्ड बायका हरवायच्या, भिजवायच्या, पोरं त्याची होडी करायची. पाचवीचा कागद मात्र देव्हाऱ्यात नाहीतर ट्रंकेच्या तळाशी जपून राहायचा. पण आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती घाबरून पुढं झाली.

"बाई, सटवाईच्या आदी लिहू नगा."

"मी वरच्या बाजूला लिहिलंय, आजी. खाली तिच्यासाठी जागा सोडलीय."

आईनं कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, पण खालचा अर्धा कागद मोकळा आहे एवढं तिला दिसत होतं. "तुमी मानता का सटवाई?"

"नाही, आजी."

"मंग जागा कशापायी सोडली?"

"तुम्ही मानता म्हणून."

मग नर्सबाईंनी पाटाजवळचा विळा उचलला. मला वाटलं, आता बोलतात. त्यांनी तो दोन्ही हातांनी नीट पाटावर ठेवला, पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एक ब्लेड काढलं आणि विळ्याशेजारी ठेवलं. "नातीची नाळ यानं कापलीय. याचाही मान आहे."

आईला ते पटलं. तिनं ब्लेडला हळदकुंकू वाहिलं.

"विळा फार जुना दिसतो," नर्सबाई म्हणाल्या.

"सासूबाईचा. लय पाट पुजलेत यानं."

"मग आता याला देव्हाऱ्यात ठेवा, आजी. इतकं पुजलेल्या वस्तूनं कापायचं नसतं ना?"

"नसतं," ती म्हणाली. रीतीच्या भाषेत बोललेलं तिला कधीच चुकीचं वाटत नसे.

"कापायला ही पुडी न्या. दर बाळाला नवीन ब्लेड. आधी उकळायचं, दोराही उकळायचा. आणि वर राख नाही."

"किती येळ उकळायचं?"

"भात शिजेपर्यंत."

त्या रात्री मी निजले. सकाळी उठले तर दिवा जळत होता आणि आई तेलाचं भांडं घेऊन पाटापाशी बसलेली होती. तिच्या मनातही तो विझलेला दिवा तीन वर्षं होता, हे मला तेव्हा कळलं. आम्ही एकमेकींशी त्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

पुढं बरीच वर्षं ब्लेडच्या पुड्या आमच्या घरून सायखेड्याला जात राहिल्या. वाडीतल्या बायका त्याला बाईची पुडी म्हणायच्या. आईनं आणखी दोघीतिघींना उकळायला शिकवलं आणि राख लावणाऱ्या एका म्हातारीशी भांडणही केलं. आठव्या दिवशी मूल गेल्याची बातमी त्यानंतर माहेराहून माझ्या कानावर आली नाही. मला मुलगा झाला, त्याच्याही कागदावर नर्सबाईंनी वरच्या बाजूला लिहिलं. आई दोघांना मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायची. मुलगी तान्ही होती तेव्हाच एकदा ती मला न सांगता एकटीच दवाखान्यात जाऊन नर्सबाईंना भेटून आली. पुडी आणायला गेली असेल म्हणून मी विचारलं नाही.

नर्सबाई रिटायर झाल्या आणि दोन वर्षांत पोटाच्या आजारानं खंगल्या. मी डबा घेऊन जायची. शेवटी शेवटी हात फार बारीक झाले होते, पण जेवायच्या आधी मला पाण्याचं तपेलं आणायला लावून कोपरापर्यंत धुवायच्या. एकदा मी विचारलं, "तुमच्या मागं काय करायचं, काय नाही, भावाला सांगून ठेवायचं का?" त्या म्हणाल्या, "त्याला काय करायचं ते करू दे. मी नसणार. तो असणार." मग म्हणाल्या, "रडणं येईना झालं की हातांना काहीतरी काम लागतं, वहिनी." दिवाळीच्या आधी त्या गेल्या. बहीण गेली असती तरी मी एवढी पोरकी झाले नसते.

त्यांच्या जलदानाच्या विधीला अख्खी कॉलनी होती. पांढऱ्या कपड्यावर फोटो, मेणबत्त्या, भन्ते सावकाश पाली गाथा म्हणत होते आणि भावाची माणसं मागून म्हणत होती. शब्द न कळणाऱ्या आम्ही हात जोडून बसलो होतो. माझ्या शेजारी बसलेल्या एका नव्या बाईनं हळूच विचारलं, "यांना मूलबाळ किती?" मी म्हटलं, "एक. गेलेलं धरून." मी निरोप धाडला होता म्हणून आईही पहिल्या एसटीनं आली होती. म्हातारी झाली होती, गुडघे धरले होते. तिच्या काखेत तेच लुगड्याचं फडकं. तिनं फोटोपुढं फूल ठेवलं, नमस्कार केला, पण गाठोडं काही खाली ठेवलं नाही.

तिला एकटीला परत कसं पाठवायचं म्हणून मी तिच्याबरोबर सायखेड्याला निघाले. रेल्वेचं फाटक बंद होतं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. रुळांकडं बघत आई म्हणाली, "ह्याच विळ्यानं गेलं ना गं तुझं पयलं?"

बारा वर्षं मी या प्रश्नाला भीत होते. पण उत्तर द्यायला मला क्षणभरही लागलं नाही. "नाही आई. दिवा विझला होता. मला झोप लागली होती, तुला ठाऊक आहे की."

आई अजून रुळांकडंच बघत होती. मग म्हणाली, "बाईबी तसंच म्हनली व्हती."

"कधी?"

"तुझ्या पोरीच्या वक्ताला. दवाखान्यात जाऊन ईचारलं व्हतं म्या. म्हनली, नाय आजी, सटवाईनं तेवढंच लिहिलं व्हतं."

गाडी आली. डबे संपेपर्यंत काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. गाडी गेल्यावर आई म्हणाली, "ती बाई सटवाई मानत नव्हती. तवाच मला समजलं."

म्हणजे एवढी वर्षं ती हे जाणून होती, आणि जाणून माझ्या मुलांना मांडीवर घेत होती, पुड्या नेत होती, दोरे उकळत होती. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"बाईनं माझ्यापायी खोटं बोलून ठिवलं. ते मोडू कशी?" आईनं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. "पन म्या मोजलीत. माझ्या हातची. गेलेली धरून."

फाटक वर गेलं. माणसं, सायकली आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. मी आईच्या काखेतलं गाठोडं मागितलं. आधी तिनं दिलं नाही. मग दिलं. एसटीत खिडकीजवळ तिला बसवलं, शेजारी मी बसले आणि नर्सबाई विचारायच्या तशा, भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात विचारलं, "किती, आई?"

सायखेडा येईपर्यंत ती एकेक घर सांगत होती. विळा माझ्या मांडीवर होता.